मामांचं तेलपाणी

मशीनला तेल पाजल्याशिवाय मामा स्वतः चहा घेत नसत. मी अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हा त्यांच्या घरातली मागची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच सकाळी बाहेर आले तर मामी हातात चहाचा कप धरून एका दारासमोर उभ्या होत्या. दार सताड उघडं होतं. आत मामा धुतलेला पांढरा सदरा घालून एका काळ्या, लांबलचक यंत्राला कान लावून बसले होते. मला वाटलं, म्हातारबुवांना काहीतरी होतंय. मी लगबगीनं पुढं झाले तशा मामी म्हणाल्या, "जाऊ नको, बाई. त्याचं पिऊन व्हायचंय अजून."

त्याचं म्हणजे लेथचं. लोखंडाचा तुकडा चकमध्ये, म्हणजे तोंडाच्या गोल पकडीत, आवळून गरगर फिरवायचा आणि हत्यारानं कातून त्याला आकार द्यायचा, ते यंत्र. गावातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मामांनी सगळी नोकरी या एका लेथवर काढली होती. जिनिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा मामांनी हे ट्रॅक्टरवर घालून घरी आणलं आणि बैठकीच्या खोलीत बसवलं. पाहुणे तेव्हापासून ओसरीवर बसत. घरात बैठकीची खोली नाही याची मामांना कधी लाज वाटली नाही, उलट पाहुण्यांना ते दारातूनच आत बघायला लावत.

नव्या मशीनला गोळ्यांचे बेरिंग असतात. हे जुनं, म्हणून त्याच्या डोक्यात गनमेटलच्या दोन बुश, म्हणजे धातूच्या जाड नळ्या, होत्या, आणि त्यांच्यात मुख्य दांडा फिरायचा. प्रत्येक बुशच्या माथ्यावर झाकणाची एक पितळी कुपी. कुपीत भरलेलं तेल हळूहळू खाली उतरायचं, दांड्याभोवती पसरायचं आणि शेवटी बाहेर गळून जायचं. म्हणून रोज नवं भरायचं, काम असो वा नसो. "दांडा बुशला शिवत न्हाई, सिस्टर," मामा मला समजावत. "मधी तेल असतं. त्याच्यावर तो तरंगून राहिला हाय. शिवला की मेला." हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं घरातल्या कुणाचं दुखणं सांगताहेत.

तेल घालायलाही त्यांची रीत होती. सदरा स्वच्छ पाहिजे, कारण धूळ तेलात पडते. हात कोरडा पाहिजे. आधी चक हातानं फिरवून बघायचं, मग कान लावायचा, मग कुप्या भरायच्या आणि पुन्हा चक फिरवायचं. एवढं झालं की मामा समाधानानं मिशीवरून हात फिरवत आणि उंबऱ्याशी येऊन मामींच्या हातातला, तोवर निवलेला, चहा घेत. निवलेल्या चहाबद्दल मी त्यांना कधी तक्रार करताना ऐकलं नाही. ग्रीसबद्दल मात्र बोलायची सोय नव्हती. नांदेड रस्त्यावरच्या वर्कशॉपमधला एक टर्नर एकदा ओसरीवर चहा पिता पिता म्हणाला, मामा, एकदाच ग्रीस ठासून टाका, वर्षभर बघायला नको. मामा उठले, त्याच्या हातातला अर्धा कप अलगद काढून घेतला, खाली ठेवला आणि म्हणाले, "या तुमी आता." तो माणूस पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही.

माणसांकडंही ते त्याच नजरेनं बघत. मी रात्रपाळी करून आले की ते ओसरीवरून विचारत, "काय सिस्टर, आज लई कोरड्या दिसून राहिल्या?" कुठंही काही करकरलं की त्यांना सहन होत नसे. खिशात तेलाची छोटी बाटली कायम असायची. बारशाच्या घरी पाळण्याच्या कड्यांना तेल घालायचे, स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या दाराला घालायचे. एकदा माझ्या दवाखान्यात येऊन त्यांनी वॉर्डातल्या सगळ्या ट्रॉल्या उलट्या करून चाकांना तेल घातलं. त्यातल्या एका ट्रॉलीवर पेशंटला घ्यायचं होतं. डॉक्टर माझ्यावर उखडले. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, माणूस मरून राहिला असंल आन् चाक कुरकुरून राहिलं असंल, तर त्याला शेवटचं काय ऐकू येईल?" डॉक्टर वळून आत गेले. ट्रॉल्या मात्र बरेच दिवस आवाज न करता फिरत होत्या.

आणखी एक खोड होती. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि जमत नाही याचा थोडा तोराही होता. लेकीनं नांदेडला घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलेलं, व्याही हौसेनं सगळ्यांना घर दाखवत होते, आणि मामा दारात उभे राहून म्हणाले, "चौकट तिरकी हाय. पावसाळ्यात दार लागायचं न्हाई." ते बरोबर असेलही. पण लेक आत जाऊन रडली, आणि मामा जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले. मुक्कामाला राहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सकाळी मशीनला तेल कोण घालणार? लेकीच्या घरी ते कधी रात्रीचे राहिले नाहीत. ती चिडून मला म्हणायची, "सिस्टर, आमच्या बापाला एकच लेकरू हाय, आन् ते लोखंडाचं हाय."

मामींचं काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. त्या घरभर वावरत, पण लेथच्या खोलीचा उंबरा ओलांडत नसत. झाडायचं असलं तरी मामाच झाडत. चहा उंबऱ्यावरून आत जायचा आणि कप उंबऱ्यावरून बाहेर यायचा. एका दुपारी अंबाडीची भाजी निवडताना मी सहज विचारलं. मामी काड्या मोडता मोडता म्हणाल्या, "मशीन नवं नवं घरी आलं होतं. मला वाटलं, आपल्या घरात आलंय, पुसून घ्यावं. वल्ल्या फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिशी समदं तांबारलं." मग काय झालं, मी विचारलं. "काय व्हायचं? माझे भाऊ आले होते, सासरची माणसं होती. त्यांच्यासमोर म्हणाले, तुझा हात लोखंडाचा न्हाई, परत लावू नको. न्हाई लावला मग."

एवढंच बोलून त्या भाजी धुवायला उठल्या. आवाजात राग नव्हता. पण इतकी वर्षं त्या दारात उभ्या राहत होत्या त्या केवळ चहा द्यायला नव्हे, हे मला त्या दुपारी कळलं, आणि मामांचा मला फार राग आला. मामींना आत जायचं होतं. बोलावल्याशिवाय जाणार नव्हत्या, एवढंच.

पुढं मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. काम करताना ते चकच्या इतकं जवळ तोंड नेत की मला धडकी भरायची. ऑपरेशन नांदेडला करायचं, लेकीकडं राहायचं, सगळं ठरलं, आणि मामा काही ना काही कारणानं पुढं ढकलत राहिले. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. शेवटी त्यांनी मला विचारलं, तुम्ही घालाल का तेल? मी म्हटलं, "मामा, माझी ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. आणि मामी आहेत की घरात."

मामी तेव्हा दारातच होत्या, कप घेऊन. त्यांनी वर बघितलं नाही. मामा बराच वेळ लेथच्या पाट्यावरून बोट फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "ये आत."

मामींनी कप माझ्या हातात दिला. हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि आत गेल्या. मामांनी त्यांना कुप्या दाखवल्या, तेलाचा कॅन दाखवला, चक कसं फिरवायचं ते त्यांचा हात धरून दाखवलं. मामी एकेक गोष्ट मान हलवत ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं नाही. परीक्षेला बसलेल्या माणसासारख्या त्या गंभीर होत्या.

मामा नांदेडला गेले आणि मामी रोज सकाळी इस्त्रीचं पातळ नेसून तेल घालू लागल्या. त्यासुद्धा मशीनला कान लावत. काय ऐकू येतं, मी विचारलं तर म्हणाल्या, "काय की बाई. पण बरं वाटतं." नांदेडहून रोज फोन यायचा. "पिलं का?" "पिलं." एवढंच बोलणं. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी दुसऱ्याचंही करून घ्या म्हटलं, त्यामुळं मुक्काम वाढत गेला. आयुष्यात पहिल्यांदा मामा लेकीच्या घरी इतके दिवस राहिले.

ते परत आले तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला म्हणून थांबले होते. काळा चष्मा लावलेले मामा रिक्षातून उतरले आणि पाणीसुद्धा न घेता खोलीत शिरले. मामी त्यांच्या आधीच आत जाऊन मशीनजवळ उभ्या होत्या. मामांनी चकला हात घातला. ते फिरलं, पण जड फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग कुपीचं झाकण उघडून नाक जवळ नेलं.

"तुमचा कॅन संपला मधीच," मामी म्हणाल्या. "मी जरा हात सोडूनच घालत होते. फळीवर डबेच डबे, कोणचा कशाचा काय कळंना. चुकीचं नको जायला म्हणून मी घरचं करडीचं तेल घातलं. भावाच्या शेतातल्या करडीचं, लाकडी घाण्यावरचं. दोनदा गाळून घातलं. एक दिवस चुकला न्हाई." आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बरं हाय ना मशीन?"

मला लेथमधलं काही कळत नव्हतं, पण मामांचा चेहरा कळत होता. व्याह्यांच्या भरल्या घरात चौकट तिरकी म्हणणारा हा माणूस. आता काय ऐकायला मिळणार म्हणून मी थेंबांची बाटली मुठीत घट्ट धरली. मामांनी झाकण लावलं. चष्मा सारखा केला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "आता तूच घालत जा. ह्येच तेल घालत जा."

मामी चहा टाकायला गेल्या. त्यांच्या चालण्यात असं काही होतं की मला भरून आलं. मामा मात्र स्टुलावर बसून राहिले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, पंपावरून बाटलीभर डिझेल आणता का? कुणाला सांगू नका." वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मामी दळण आणायला गेल्यावर मामांनी सांगितलं तसं मी केलं. कुप्या रिकाम्या केल्या, डिझेल सोडलं, चक फिरवत राहिले, खालून पिवळट चिकट पाणी गळत राहिलं. करडीचं तेल वाऱ्यावर वाळतं, मामा सांगत होते. लाकडाला लावायला लई झकास, पण बुशमध्ये गेलं की त्याचा डिंक होतो, आणि डिंकात दांडा तरंगत नाही.

"मग मामींना सांगा की," मी म्हटलं.

"एकदा सांगितलं होतं." ते चष्म्याआडून दाराकडं बघत होते. "इतकी वर्षं उंबऱ्याच्या आत आली न्हाई. आता आली हाय. येऊ द्या."

त्या दिवसापासून त्या घरात दोनदा तेल घातलं जायचं. सकाळी मामी इस्त्रीचं पातळ नेसून करडीचं तेल घालत, चक फिरवत, कान लावत. मामा बाहेर ओसरीवर बसत, आणि आता चहा निवायचा तो त्यांच्या हातात, मामींची वाट बघत. मग मामी भाजीला किंवा गिरणीला गेल्या की मामा आत जाऊन डिझेलनं सगळं धुऊन काढत आणि आपलं पातळ मशीन ऑईल भरत. मामींना परतायला कधी उशीर होई, कधी त्या लवकर येत. लवकर आल्या तर मामा डिझेलची बाटली सदऱ्याखाली लपवत आणि खोकत. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं किती वाईट बोलतो, हे मी तेव्हा बघितलं. मामी विचारत, डिझेलचा वास कशाचा? मामा म्हणत, रस्त्यावरून ट्रक गेला. गल्लीत रिक्षा शिरायची मारामार, ट्रक कुठून येणार? पण मामी पुढं काही विचारत नसत.

हे असं मी तिथं होते तोवर चाललं, आणि माझी बदली कंधारला झाल्यावरही चालूच होतं. कंधारच्या दवाखान्यात ड्यूटी नसलेल्या वेळात आम्ही नर्सा बसलो की मी ही हकीकत सांगत असे. नवरा असावा तर असा, म्हणून. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत.

मग एका हिवाळ्यात मामा गेले. छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंतही राहिले नाहीत. लेकीचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते आणि सुट्टी मिळाली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मी मामींना भेटायला अहमदपूरला गेले.

मामी वाळल्या होत्या. रडारड झाली नाही. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "चल आत." खोली स्वच्छ झाडलेली होती. लेथवर धूळ नव्हती. "फिरव," मामी म्हणाल्या. मी चकला हात घातला. ते हललं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हललं नाही.

"रोज घालते मी तेल," मामी म्हणाल्या. "तेच तेल, त्याच कुप्या, हात बी माझाच. ते होते तवर कधी अडलं न्हाई. ते गेले आन् पाडव्याच्या आत जाम झालं. मंग मी बसून इचार केला. बदललं काय? तर ते तेवढे न्हाईत." त्या माझ्याकडं बघत होत्या. "तुला ठाव होतं."

मी हो म्हटलं. सगळं सांगितलं, डिझेलचं, सदऱ्याखालच्या बाटलीचं, आणि 'आता आली हाय, येऊ द्या' म्हणाले होते तेही. मला वाटलं, हे ऐकून त्यांना रडू येईल आणि बरं वाटेल. मामींचा चेहरा लाल झाला.

"मला वाईट वाटंल म्हणून?" त्या म्हणाल्या. "वाटलं असतं की. एक दिवस वाटलं असतं. दुसऱ्या दिशी दुसरं तेल घातलं असतं. पयल्या खेपेला चारचौघांत बोलले, तवा शिकवलं न्हाई. दुसऱ्या खेपेला गप बसले, तवा बी शिकवलं न्हाई. मी येडी होते का, बाई? रोज नेसून, सजून जायची. आन् ते मागनं पुसून काढायचे."

मामांचं ते करणं मायेचंच होतं, असं मला आजही वाटतं. पण इतकी वर्षं ही गोष्ट मी बायकांना सांगत आले, आणि त्यात मामींना काय वाटेल याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. कंधारला परत गेल्यावर मी ती सांगायची बंद केली.

मामींनी तिथंच पदर खोचला आणि म्हणाल्या, "डिझेल मी आणून ठिवलंय. तू नुस्तं सांग. हात लावू नको."

मी स्टुलावर बसून सांगत गेले. त्यांनी कुप्या काढल्या, आतला पिवळा डिंक काडीनं खरवडला, डिझेल भरलं. ते आत उतरेना. पुन्हा खरवडलं, पुन्हा भरलं. मध्ये आम्ही भाकरी खाल्ली, तरी मामींचं लक्ष खोलीकडंच होतं. उन्हं कलल्यावर डिझेल खालून थेंब थेंब गळायला लागलं, आधी घट्ट पिवळं, मग पातळ. फळीवरचा मशीन ऑईलचा डबा कोणता, हे मला नीट आठवेना. मामींनी विचारलंच नाही. त्यांनी एकेक डबा उचलून खालची फळी बघितली. एकाच डब्याखाली तेलाचं काळं गोल उमटलेलं होतं, रोज उचलून रोज ठेवल्यानं पडतं तसं. "ह्यो," त्या म्हणाल्या.

कुप्या भरून त्यांनी चकला दोन्ही हात घातले आणि अंगाचा सगळा भार टाकला. आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. चक बोटभर हललं, अडलं, आणि मग हळूहळू फिरायला लागलं. मामी ते फिरवत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्या हात काढत नव्हत्या.

"आत्ता पाहिजे होते ते," मामी म्हणाल्या. "पयलं ह्ये फिरवून दाखवलं असतं. मंग मी लई भांडले असते."